नऊ नंबरचा खांब

पुरवणी जबाब
मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे

मी, वायरमनबाई म्हणून ओळखली जाणारी, वय ४९ वर्षे, धंदा बाहेरच्या दिव्यांच्या वायरी आणि त्यांचे जोड साफ करणे व दुरुस्त करणे, राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावरची खोली. पूर्ण नाव आणि पत्ता शुक्रवारच्या माझ्या पहिल्या जबाबात आहे, त्यात बदल नाही. बाकीच्या मजकुरात बदल आहे. म्हणून आज कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर पतीसह राहते. पती वय ५७, परवानाधारक वायरमन, एकतीस वर्षे याच धंद्यात. लग्नानंतर काही वर्षे मी घरीच होते. मग त्यांचा मदतनीस काम सोडून गेला आणि दुसरा मिळेपर्यंत म्हणून मी हत्यारांची पिशवी धरायला जाऊ लागले. दुसरा काही मिळाला नाही. त्याला आता सतरा वर्षे झाली. परवाना त्यांच्या नावावर आहे. माझ्याकडे परवाना नाही.

नदीकडच्या रस्त्याला जे वृद्धनिवास आहे, त्याच्या बागेतल्या दिव्यांची देखभाल आमच्याकडे चौदा वर्षांपासून आहे. बागेत फिरायच्या वाटेला चौदा लोखंडी खांब आहेत. प्रत्येक खांबाच्या बुडाशी, गुडघ्याच्या उंचीवर, एक डबी आहे. जमिनीतून आलेली वायर आणि दिव्याकडे जाणारी वायर यांचा जोड त्या डबीत असतो. वर्षातून दोनदा आम्ही सगळ्या डब्या उघडून साफ करतो.

काम कसे करतात असे साहेबांनी विचारले, त्यावरून सांगते. आधी पंपघरात जाऊन मेन बंद करायचा आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. फ्यूज आपल्या खिशात असला की दुसऱ्या कोणाला चुकून लाइन चालू करता येत नाही. मग डबीचे चार स्क्रू काढायचे. टेस्टर लावून खात्री करायची. आत काय निघेल सांगता येत नाही. मुंग्या असतात, पालीची अंडी असतात, एकदा गांधीलमाश्यांचं अख्खं पोळं होतं. कोरड्या ब्रशने ते सगळं झाडायचं. तांब्याच्या वायरीला ओल लागून हिरवट गंज चढतो, तो पॉलिश पेपरने घासायचा. फारच काळी पडली असेल तर तेवढं टोक कापून नवीन सोलायचं. कनेक्टरचे स्क्रू आवळायचे आणि प्रत्येक वायर बोटात धरून ओढून बघायची. हलली तर परत आवळायची. हिरवी वायर अर्थिंगची, ती सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घट्ट. पाणी परतवायला थोडं ग्रीस. मग झाकणाच्या खाचेत रबरी रिंग बसवून झाकण लावायचं. रिंग दरवेळी नवी घालायची, जुनी वाळून कडक होते. रिंग नसेल तर पावसाचं असो की पाइपचं, पाणी आत जाणारच.

हे सगळं मला पतींनी शिकवलं. ते म्हणायचे, "आधी डोळा, मग नाक, मग हात." म्हणजे आधी बघा, मग जळकट वास येतो का ते बघा, आणि हात सगळ्यात शेवटी लावा.

पहिल्या जबाबात मी लिहून दिले होते की बुधवारचे काम पतींनी केले व मी मदत केली. ते खरे नाही. गेली पाच वर्षे काम मी करते. पतींना कमी दिसते.

ही गोष्ट आम्ही कोणाला सांगितलेली नाही. एकमेकांनाही सांगितलेली नाही. सुरुवातीला ते विचारायचे, "आज उजेड कमी आहे का गं?" मी म्हणायचे, "हो, ढग आलेत." नंतर ते विचारेनासे झाले. वायरी मी हातात देताना रंग बोलून द्यायला लागले. रस्त्याने जाताना पिशवीचा एक बंद त्यांच्या हातात आणि एक माझ्या हातात असतो. लोकांना वाटतं पिशवी जड आहे. काही जण हसून म्हणतातही, "जोडी काय शोभते." गिऱ्हाइकाशी बोलणं ते करतात, कुठे काय बिघडलंय ते आवाजावरून आणि वासावरून त्यांना अजूनही माझ्याआधी कळतं. हात मात्र माझे असतात. लोक अजूनही त्यांनाच वायरमन म्हणतात आणि ते बरोबरच आहे, असं मला वाटतं.

बुधवारी दुपारी दोन वाजता आम्ही वृद्धनिवासात गेलो. मेन मी बंद केला, फ्यूज माझ्या खिशात होता. चौदा नवीन रिंगा मोजून नेल्या होत्या. पावणेचारपर्यंत आठ डब्या झाल्या. त्या वेळी व्यवस्थापकसाहेबांचा निरोप आला की कागदावर सही करायला ऑफिसात या. मी पतींना सांगितले, "तुम्ही जरा सावलीत बसा, मी आले. नऊ उघडू नका." ते म्हणाले, "नाही उघडत, जा."

ऑफिसात मला वीस-पंचवीस मिनिटे लागली. वीज कुठे गळायला लागली की आपोआप बंद होणारा एक स्विच असतो. तो पंपघरातल्या बोर्डावर नाही. तो बसवा असे आम्ही मागे दोनदा लेखी दिले आहे. मी तिसऱ्यांदा तोंडी सांगितले. व्यवस्थापक म्हणाले, "बाई, इतकी वर्षं काही झालं नाही ना?" हे मी स्वतःची सुटका व्हावी म्हणून सांगत नाही. विचारले म्हणून सांगते.

मी ऑफिसात असताना बागेत काय झाले ते मी पाहिलेले नाही. ते मला नंतर माळीकाकांनी सांगितले. माळीकाका म्हणजे या प्रकरणातील जखमी, वय ५८, वृद्धनिवासाचे माळी. ते पंपघरामागच्या खोलीत थोरल्या बहिणीसोबत राहतात. त्यांचं म्हणणं असं की, पती बाकावर बसले होते. तिथले एक आजोबा फिरत फिरत आले. ते सगळ्यांचीच थट्टा करतात, मनाने वाईट नाहीत. ते पतींना म्हणाले, "वायरमनसाहेब, तुमचं बरं आहे. बायको मातीत गुडघे टेकते आणि तुम्ही सावली सांभाळता!" बाकीचे दोघे-तिघे हसले. पतीही हसले. आजोबा पुढे गेल्यावर ते उठले, वाटेच्या कडेच्या दगडांना पायाने चाचपत नऊ नंबरच्या खांबापाशी गेले आणि खाली बसले.

माळीकाका तेव्हा समोरच्या वाफ्यात खुरपत होते. ते म्हणाले, "वायरमनभाऊंचा हात सरावाचा होता. पण मान भलतीकडे होती. डबी इकडे आणि तोंड तिकडे. तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाटलं, हाक मारावी. मग वाटलं, कशाला." पतींनी जुनी रिंग काढली, खाच साफ केली, जोड घासला. नवीन रिंग हरवू नये म्हणून शर्टाच्या खिशात ठेवली. तेवढ्यात वाटेवर माझ्या चपलांचा आवाज आला. तसं त्यांनी घाईघाईने झाकण लावलं आणि स्क्रू आवळले.

मी पोहोचले तेव्हा ते उभे राहून हात पुसत होते. मी विचारले, "नऊ उघडलात का?" ते म्हणाले, "झाला. तू दहावर जा." त्यांच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांनी तसं काही पाहिलं. मी नऊ परत उघडला नाही.

का उघडला नाही, असे विचारले. चार स्क्रूंचं काम, दहा मिनिटं लागली असती. माझे गुडघे दुखत होते आणि अजून पाच डब्या बाकी होत्या. शिवाय बाकावर ते आजोबा परत येऊन बसले होते. त्यांच्यादेखत ती डबी मला उघडायची नव्हती.

साडेपाचला काम संपले. मेन चालू केला. अंधार पडायला लागल्यावर चौदाही दिवे लागले. त्या दिवशी डब्या नुकत्याच साफ झाल्यात म्हणून माळीकाकांनी झाडांना पाणी घातलं नाही. आम्ही साडेसातला घरी आलो. पतींनी त्या दिवशी जेवताना दोनदा मागून घेतलं आणि जुन्या कामांच्या गोष्टी सांगितल्या. एका कारखान्यात त्यांनी पावसात उभं राहून बिघाड कसा शोधला होता, ती गोष्ट सांगितली. मला ती पाठ आहे. मी ऐकली.

गुरुवारी सकाळी सात वाजता कपडे धुताना पतींच्या शर्टाच्या खिशात मला नवीन रबरी रिंग सापडली. बाकीच्या तेरा मी स्वतः बसवल्या होत्या. म्हणजे ही नवाची, हे मला तिथेच कळले. रिंग मी मोरीच्या फळीवर ठेवली आणि शर्ट पिळून वाळत घातला.

त्या दिवशी लाकडाच्या वखारीत सहा जोडांचं काम ठरलं होतं. वृद्धनिवास बसने चाळीस मिनिटे, वखारीच्या उलट दिशेला. मी मनात म्हटलं, शनिवारी त्या बाजूला जायचंच आहे, तेव्हा करू. पाऊस तर नाहीच. माळीकाका रोज संध्याकाळी पाइपने पाणी घालतात हे मला माहीत होतं. चौदा वर्षे माहीत आहे. त्या सकाळी ते माझ्या लक्षात आलं नाही असं मी म्हणू शकले असते. पण आलं होतं. मी फोन करून "आज पाणी घालू नका" एवढं सांगू शकत होते. फोन केला तर का ते सांगावं लागलं असतं.

साहेबांनी विचारले की माहीत असूनही न जाण्याचे कारण काय. कारण मी थकले होते. त्या एका दिवसाने थकले नव्हते. साहेब म्हणाले, कायद्यात असं कारण बसत नाही. बसत नसेल, पण मला दुसरं सांगता येत नाही, जसं आहे तसं लिहा.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी व्यवस्थापकांचा फोन आला की माळ्याला करंट लागला, लगेच या. मी फळीवरची रिंग पर्समध्ये टाकली आणि मगच चपला घातल्या. म्हणजे कोणत्या खांबाला लागला असेल, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

आम्ही पावणेआठला पोहोचलो. माळीकाकांना दवाखान्यात नेले होते. पाइप वाटेवर पडलेला होता आणि नळ कोणी बंद केला नव्हता, पाणी वाहत होतं. आधी मी नळ बंद केला, मग पंपघरात जाऊन फ्यूज काढला. मग नऊ नंबरची डबी उघडली. टॉर्च पतींच्या हातात होता. उजेड शेजारच्या झुडपावर पडत होता. मी अंदाजाने काम केले.

डबीत बोटभर पाणी होते. हिरवी वायर स्क्रूखाली नव्हती, स्क्रूला नुसती टेकून होती. ती जागच्या जागी घट्ट असती तर फ्यूज उडाला असता आणि खांबात वीज राहिली नसती. मी पाणी रुमालाने टिपले, जोड कोरडा केला, हिरवी वायर आवळली, ओढून पाहिली, रिंग घातली, झाकण लावले. हे मी पोलीस आणि वीज निरीक्षक येण्यापूर्वी केले. असं करायला नको हे मला माहीत होतं. त्या वेळी व्यवस्थापक दवाखान्यात होते, बागेत आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हते.

पतींनी विचारले, "नऊ?"

मी म्हणाले, "हो."

"काय आहे?"

"काही नाही. सगळं ठीक आहे."

टॉर्च मागून घ्यायला मी हात पुढे केला, तर तो अजून चालूच होता.

शुक्रवारी सकाळी निरीक्षकसाहेबांनी सगळ्या डब्या उघडून पाहिल्या. त्यांना सगळ्या व्यवस्थित दिसल्या. नऊची तर सगळ्यात चांगली आहे, असं ते म्हणाले. त्यावरून माळ्याने ओल्या हाताने स्वतः झाकण उघडून काहीतरी केले असावे, असा निष्कर्ष निघाला. दुपारी मी आणि पतींनी जबाब दिले. माळीकाकांनीही दवाखान्यातून जबाब दिला की, "होय, दिवा लुकलुकत होता म्हणून मीच झाकण उघडलं, माझी चूक." हे ठाण्यात कळल्यावर मला आश्चर्य वाटलं, पण मी गप्प बसले.

शनिवारी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे काढावी लागली. तळवा भाजलेला आहे, मूठ वळत नाही.

रविवारी सकाळी मी एकटी दवाखान्यात गेले. ते जागे होते. मी विचारले, "काका, तुम्ही झाकण उघडलं नव्हतंत. मग असं का सांगितलंत?"

ते म्हणाले, "पाइप गुंडाळताना तोल गेला म्हणून खांब धरला, एवढंच झालं. पण आता बोलून काय होणार? माझा हात तर गेलाच. भाऊंचे डोळे कशाला चव्हाट्यावर आणायचे?"

मी म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला बुधवारी कळलं. आजोबांना हटकायला हवं होतं मी. नाहीतर निदान तुम्हाला सांगायला हवं होतं. माझीही चूक आहेच की थोडी. सगळंच काही खोटं नाही सांगितलं मी."

मग त्यांनी विचारले की सदाफुलीच्या वाफ्याला कोणी पाणी घालतंय का. मी हो म्हणाले. मला माहीत नव्हते.

रविवारी मी घरी येऊन पतींना काही सांगितले नाही. याचे कारण विचारू नये, अशी विनंती आहे.

काल सोमवारी दुपारी माळीकाकांची बहीण आमच्या घरी आली. वय ६६. बस बदलून, विचारत विचारत आली होती. तिने पिशवीतून एक पाकीट काढले आणि म्हणाली, "बाई, ऑफिसातून कागद आलाय. मला अक्षरशत्रूला काय कळणार? भावाला दाखवायच्या आधी म्हटलं कोणाकडून तरी वाचून घ्यावा. तुम्ही आपल्या आहात."

मी कागद वाचून दाखवला. त्यात लिहिले होते की सदर कर्मचारी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे जखमी झाल्याचे त्याने कबूल केले आहे, सबब त्याला कामावरून कमी करण्यात येत असून महिनाअखेर खोली रिकामी करावी. मी 'निष्काळजीपणा' हा शब्द वाचल्यावर ती म्हणाली, "म्हणजे काय?" मी म्हणाले, "म्हणजे लक्ष न देणं." ती म्हणाली, "माझा भाऊ? तो तर मुंगीला वळसा घालून खुरपतो." मी पाणी दिलं. ते न पिता तिने कागद नीट घडी करून पाकिटात ठेवला आणि विचारलं, "मग आम्ही जायचं कुठे, ते लिहिलंय का त्यात?" मी म्हणाले, नाही लिहिलेलं.

पती आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं. ती गेल्यावर मी त्यांना रिंगेचं, पाण्याचं आणि हिरव्या वायरीचं सांगितलं. ते पलंगाच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "मला बुधवारीच घरी आल्यावर आठवलं होतं. खिशाला हात लावला तर रिंग होती."

मी म्हणाले, "मग बोलला का नाहीत?"

"सकाळी परत खिसा पाहिला तर शर्टच नव्हता. म्हटलं तुला सापडली. तू बघून घेशील. तू नेहमी बघतेस."

रात्रीचा स्वयंपाक केला, तो उरला. झोपण्यापूर्वी ते म्हणाले, "उद्या ठाण्यात जाऊ. पिशवी नको घेऊस." आज सकाळी आम्ही पिशवी न घेता निघालो. त्यामुळे मी त्यांचा हात धरला. गल्लीतल्या लोकांनी पाहिले.

तरी माझे म्हणणे असे की, माळीकाकांनी कोणतेही झाकण उघडलेले नाही. त्यांची काही चूक नाही. नऊ नंबरच्या डबीचे काम अर्धवट राहिले होते, ते पतींच्या हातून राहिले. ते समजूनही मी गेले नाही, ही माझी चूक. नंतर डबी दुरुस्त करून मी पुरावा मोडला, हीही माझीच. पतींनी ते पाहिलेले नाही. याबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट सगळ्यांनी गप्प राहायलाच मदत केली.

हा मजकूर होत असताना साहेबांनी व्यवस्थापकांना फोन केला. चौकशी पुरी होईपर्यंत खोली रिकामी करून घेणार नाही, असे व्यवस्थापकांनी सांगितल्याचे मला साहेबांनी सांगितले. तसे लेखी मागावे, अशी माझी विनंती आहे. त्या बोर्डावरच्या स्विचबद्दल आम्ही दिलेल्या दोन अर्जांच्या नकला मी सोबत दिल्या आहेत.

माझ्या सांगण्यावरून पतींना बाहेरच्या बाकावरून आत बोलावले आणि जबाब त्यांच्यासमोर मोठ्याने वाचला. त्यांनी मध्ये कुठे थांबवले नाही. वाचून झाल्यावर त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला आपला परवाना टेबलावर ठेवला. साहेबांनी त्याची पोच दिली. मग पती म्हणाले की यात एक ठिकाणी चूक आहे. पतींना कमी दिसते, असे लिहिले आहे, ते बरोबर नाही. उजव्या डोळ्याने त्यांना तीन वर्षांपासून काहीच दिसत नाही. डाव्याने दिवा लागलाय की विझलाय, एवढंच कळतं, आणि गेल्या दिवाळीपासून, म्हणजे गेल्या साफसफाईपासून, तेही नीट कळत नाही.

साहेबांनी त्यांना विचारले, "बाईंना हे माहीत नव्हतं?"

ते म्हणाले, "नाही. तिला वाटायचं थोडंफार दिसतं. मीच तसं वाटू दिलं. खरं सांगितलं असतं तर तिने मला घरी बसवलं असतं आणि सगळं एकटीने ओढलं असतं. सोबत गेलो तर निदान पिशवीचा एक बंद तरी माझ्या हातात असायचा."

ही हकिकत मला आज, या ठाण्यात, बारा वाजून चाळीस मिनिटांनी पहिल्यांदा समजली. त्याप्रमाणे 'कमी दिसते' या शब्दांच्या जागी 'दिसत नाही' असे समजावे.

माझा हा जबाब मी सांगितला तसाच उतरवला आहे. तो मी ऐकला, पतींनीही ऐकला. दुरुस्तीसह तो बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.

सही, वायरमनबाई

पती सोबत हजर. त्यांना सही करायची होती. कागदावरची जागा मी त्यांचे बोट धरून दाखवली.